मोठीचा टाक

मला सहसा धक्का बसत नाही. उभा जन्म आंध्रातल्या सरकारी मराठी शाळेत गेला. पुस्तकं दिवाळीनंतर यायची आणि साहेब तेलुगूत रागवायचे. अशा बाईला कशाचा धक्का बसणार? पण गयामायनं मला एकदा असा हादरा दिला, की तो अजून पुरता उतरलेला नाही. मागच्या महिन्यात तिच्या थोरल्या मुलाचा, किसनचा, फोन आला. "बाई, माय गेली." ऐंशी ओलांडलेलं माणूस, झोपेत गेलं, रडण्यासारखं त्यात काही नव्हतं. तरी मी फोन ठेवला आणि भिंतीला टेकून खालीच बसले. गयामाय मरू शकते हे जसं काही मला कोणी सांगितलंच नव्हतं.

भीमपूरकडच्या त्या गावात मी पहिल्यांदा नोकरीवर गेले तेव्हा लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. नवरा आदिलाबादला कचेरीत कारकून, रविवारचा यायचा. मला खोली मिळेना. आम्ही बौद्ध. नाव सांगेपर्यंत खोली रिकामी असायची, आडनाव सांगितलं की त्या खोलीत नेमके पाहुणे यायचे असायचे. शेवटी कोणीतरी माळ्याच्या गयाबाईचं घर दाखवलं. उंचीनं ठेंगणी, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हातात वांग्यांची टोपली. मी आधीच तापलेली होते. उभ्या उभ्याच म्हटलं, "आडनाव आधी सांगते, म्हणजे तुमचा आणि माझा वेळ वाचेल."

तिनं आडनाव ऐकलं. मग गळ्यातला काळा दोरा बाहेर ओढला. त्यात अंगठ्याच्या नखाएवढा चांदीचा टाक होता, त्यावर बाईची आकृती ठोकलेली. तो मुठीत धरून तिनं डोळे मिटले, ओठ हलवले आणि डोळे उघडून म्हणाली, "मोठीले इचारलं म्या. ती नाही म्हने नाही. सामान आना."

"मोठी कोण?"

"माही सवत. मेली ते."

आमच्याकडची ही जुनी रीत. पहिली बायको मेली आणि नवऱ्यानं दुसरी केली, की दुसरीच्या गळ्यात पहिलीचा टाक बांधतात. नवं लुगडं आधी त्या टाकाला लावायचं, मग आपण नेसायचं. ताटातला पहिला घास तिच्या नावानं बाजूला काढायचा. नाहीतर मेलेली सवत रुसते, लेकरांना धरते. मी या असल्या गोष्टी मानत नाही, आणि तेव्हा तर वाट्टेल त्याच्याशी भांडायला तयार असायचे. पण त्या मेलेल्या बाईनं मला खोली दिली होती. भांडणार कुणाशी?

या मोठीचं नाव शेवंता. माहेरी भावाच्या लग्नाला पैनगंगा ओलांडून जात होती. नदीला पाणी आलं आणि डोंगा उलटला. चार दिवसांनी खाली कुठंतरी बाईचं प्रेत सापडलं, ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं, हिरव्या बांगड्यांवरून तिचं म्हणून जाळलं. मागं वर्षाचा किसन राहिला. मारोतराव माळ्यानं दोन महिन्यांत गयाला करून आणली. ती स्वतः तेव्हा परकर नेसायच्या वयाची. आल्या दिवशी सासूनं तिच्या गळ्यात टाक बांधला, मांडीवर किसन दिला आणि सांगितलं, "हिचं लेकरू हाये. ही पाहून राह्यली."

झालं. ते वाक्य गयामायनं जन्मभर धरलं. किसनवर तिनं कधी हात उगारला नाही. पुढं तिला स्वतःचा गजानन झाला, सुमन झाली. किसननं रांजण फोडला की मार गजाननला. किसननं शाळा बुडवली की मार गजाननला. एकदा तो माझ्या खोलीत येऊन हुंदके देत म्हणाला, "बाई, माही बी माय मेली असती त लय बरं झालं असतं!" मी हसू दाबत त्याला गूळ दिला. गयामायला सांगितलं तर ती म्हणाली, "बरोबर बोलला पोट्टा. पन काय करू? याची माय म्या सोता हाये, मले माहा भेव नाही वाटत."

पण मोठीला भिता भिता गयामाय तिला वापरायलाही शिकली होती, आणि हे तिचं तिलाही कळत नसावं. मारोतराव भडक माणूस. लग्नानंतर त्यानं तिला दोनदा तुरीच्या तुराट्यांनी झोडपलं. तिसऱ्यांदा हात वर केला तेव्हा तिनं टाक पुढं धरला आणि म्हणाली, "मोठी पाहून राह्यली." त्याचा हात तसाच खाली आला. पुढं त्यानं नदीकाठचा वांग्याचा मळा विकायचं ठरवलं, पटवाऱ्याला घरी बोलावलं. गयामायनं पटवाऱ्यासमोर चहा ठेवला आणि सांगितलं, "काल मोठी सपनात आली व्हती. मळ्यात बसून रडून राह्यली व्हती." पटवाऱ्यानं चहा अर्धा सोडला. मळा राहिला. सुमनला सातवीच्या पुढं शिकवायचं ठरलं तेही मोठीच्याच सांगण्यावरून. मी एकदा म्हटलं, "गयामाय, तुमची मोठी फार सुधारलेली दिसते!" तर ती गंभीरपणे म्हणाली, "हाव न. शानी व्हती म्हने लय."

पितृपक्षात नवमीला ती मोठीच्या नावानं सवाष्ण जेवू घालायची. एका वर्षी सांगितलेली बाई आयत्या वेळी आजारी पडली, तर ही माझ्या दारात. मी साफ सांगितलं, "आम्ही हे मानत नाही." ती म्हणाली, "तुमाले कोन मानाले सांगून राह्यलं? मानते मी. तुमी फक्त जेवा." आळीतल्या बायका पदराआड कुजबुजत होत्या, बौद्धाची बाई सवाष्ण म्हणून पाटावर! गयामायनं त्यांच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. कढी वाढताना मला हळूच म्हणाली, "मोठीले वांग्याची भाजी आवडे म्हने. पोटभर खा, तिले पोचते."

मारोतराव गेला तेव्हा तिनं बांगड्या उतरवल्या, कुंकू पुसलं. कोणीतरी म्हणालं, आता नवराच नाही तर सवत कसली, टाकही काढ. ती भडकली. "बुढा गेला, मोठी कुठी गेली? लेकरू तिचं हाये अजून घरात." लेकरू तेव्हा मिशीवाला बाप्या होता, त्याची मुलगी मंदा माझ्या वर्गात होती.

मंदाचं लग्न ठरलं आणि तिथूनच सगळं झालं. रुखवतात मांडायला निर्मलची लाकडी फळं आणायची ठरली. गयामाय म्हणाली दुकानातली नको, करतात तिथं जाऊन निवडून आणू. जन्मभर बाजारात भाजी विकलेली बाई! सोबतीला मी. बसनं आम्ही निर्मल गाठलं, विचारत विचारत एका गल्लीत गेलो. ओसरीवर लाकडी सीताफळं, केळी, पेरू वाळत घातलेले. हिनं बसल्या बसल्या प्रत्येक फळ दाबून पाहायला सुरुवात केली. म्हटलं, "गयामाय, लाकूड आहे ते!" तर म्हणे, "सवय हाये. हा पेरू पाहा, असा रंग असता त बजारात कोनी कुत्र्यानं घेतला नसता."

कोपऱ्यात पांढऱ्या केसांची एक बाई सीताफळाला हिरवा रंग देत बसली होती. इतका वेळ तिथं सगळं तेलुगूत चाललं होतं. ती हसली आणि मराठीत म्हणाली, "कच्चा हाये म्हनता काय?"

"अवो माय, मराठी!" गयामाय सरकत सरकत तिच्या शेजारी जाऊन बसली. "कुठच्या वो तुमी?"

"व्हती कुठची तरी. तुमी?"

गयामायनं गाव सांगितलं, माळ्याचं घर सांगितलं. बाईचा कुंचला थांबला. तिनं विचारलं, "गळ्यात काय हाये?"

गयामायला हा प्रश्न कोणी विचारला की ती खुलायची. टाक तळहातावर घेऊन तिनं सगळं सांगितलं, जे मी शंभरदा ऐकलं होतं. पैनगंगेचं पाणी, उलटलेला डोंगा, हिरव्या बांगड्या. "आन लेकरू तान्हं, त्याले ताप व्हता म्हून सासूनं घरीच ठेवून घेतलं. म्हून वाचलं."

बाई खाली पाहत म्हणाली, "ताप नव्हता त्याले. मी माघारी यावं म्हून ठेवून घेतलं व्हतं सासूनं."

मी चटकन तिच्या तोंडाकडं पाहिलं. गयामायला कळलं नाही. ती म्हणाली, "तुमाले काय माईत?"

"मीच शेवंता."

ओसरीवर पलीकडं रंधा चालला होता, तो चालूच राहिला. गयामायचं तोंड उघडं. तिनं हातातल्या टाकाकडं पाहिलं, त्या बाईकडं पाहिलं, मग हात पुढं करून तिचा दंड दाबून पाहिला.

"जिती हाईस तू?"

"हाव."

गयामायनं स्वतःच्या दोन्ही गालांवर फाडफाड मारून घ्यायला सुरुवात केली. "जित्या बाईचं जेवन घातलं म्या! दरसाली घातलं! जित्या बाईचं मरन गळ्यात घालून हिंडली!" मी तिचे हात धरले. मला स्वतःलाच कोणीतरी धरायला हवं होतं. घरात उभी राहिलेली, मळा वाचवणारी, पोरीला शिकवणारी, मला खोली देणारी बाई इथं निर्मलमध्ये जिवंत बसून सीताफळं रंगवत होती!

शेवंतानं थोडक्यात सांगितलं. पाण्यानं तिला दूर खाली काठाला लावलं. उठून बसली, आणि घरी जायचं तर पाय उचलेनात. नवऱ्याच्या मारानं एक कान आधीच गेलेला. बाईमाणसांची एक टोळी मजुरीला चालली होती, त्यांच्यात मिसळली, चालत राहिली. इथं एका बायको मेलेल्या कारागिरानं ठेवून घेतलं. तो माणूस चांगला होता. आता तोही नाही.

मला तिचा भयंकर संताप आला. "अहो, पण तान्हं लेकरू? एकदा तरी मागं वळून पाहायचं!"

ती माझ्याकडं वळली. "बाई, तुमी तुराट्याचा मार खाल्ला हाये का कदी?"

मग तिनं गयामायला विचारलं, "तुले मारे का तो?"

"दोनदा मारलं. मंग तुहं नाव घेतलं म्या. पुन्हा हात नाही लावला."

शेवंतानं टाक मागून घेतला, डोळ्यांजवळ धरला. "ही मी हाये का? नाक त मेल्यानं काढलंच नाही." आणि हसली. हसता हसताच तिला विचारायचं होतं ते तिनं विचारलं, "लेकरू जगलं?"

"जगलं म्हंजे?" गयामाय एकदम ओरडलीच. "तुह्या नातीचं लगन हाये! हे फळं मी कोनासाठी निवडून राह्यली?"

शेवंतानं तोंडात पदर कोंबला. मग गयामायचे पाय धरायला वाकली. "त्याले सांगू नको. मेलेली हाये तेच बरं हाये. माही शप्पत हाये तुले."

येताना बसमध्ये फळांची टोपली माझ्या मांडीवर होती. गयामाय खिडकीशी मुठीत टाक धरून बसलेली. गाव जवळ आलं तेव्हा म्हणाली, "मंग कोन पाहून राह्यलं व्हतं वो बाई, इतके वर्सं?"

मी टोपली सावरून धरली.

"म्हंजे बुढ्याले म्या फुक्कटच भेवाडलं," ती म्हणाली, हसली, आणि मग जी रडायला लागली ती थांबेचना. मी सांगितलं, कोणाला बोलू नका, लग्न तोंडावर आहे, शेवंतानंच शपथ घातली आहे, प्रकरण मिटलं. ती म्हणाली, "बाई, सांगतलं त किसन तिचा व्हईन. नाही सांगतलं त मी चोरटी व्हईन. तिचं लेकरू दाबून ठेवल्यासारकं व्हईन. माह्याजवळ दुसरं काय हाये वो? त्याचं माय म्हननंच त हाये." मी पुन्हा म्हटलं, गप्प राहा. तिनं माझं ऐकलं नाही. ती माझं कधीच ऐकायची नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटी नदीवर जाऊन आली. गळा मोकळा होता, टाकाच्या जागी कातडीवर फिक्कट डाग. दुपारी अंगणात किसन मांडवाच्या बल्ल्या तासत होता. तिनं त्याच्यासमोर बसून सरळ सांगून टाकलं. "किसन, तुही माय जिती हाये. निर्मलले हाये. म्या पाह्यली."

किसन आधी हसला. मग त्यानं ओसरीवर बसलेल्या माझ्याकडं पाहिलं, मी हो म्हणून मान हलवली. त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला. तो म्हणाला, "मले टाकून गेली ते माही माय नाही. मेली ते मेली. तिचं नाव घेऊ नको या घरात."

गयामायनं उठून त्याच्या थोबाडीत दिली. चाळिशी ओलांडलेल्या, मुलीचं लग्न तोंडावर आलेल्या माणसाच्या थोबाडीत. दारात गजानन उभा होता, त्याच्या हातातली सुतळी गळून पडली. अख्ख्या जन्मात हे त्यानं पाहिलं नव्हतं.

"तिनं मार खाल्ला हाये," गयामाय म्हणाली. "तुह्या बापाचा मार. कान फुटला तिचा. तू बोलशीन तिले मेली म्हून? जाय, घेऊन ये. लगन तिच्याबिगर नाही लागत."

किसन गेला. कसा गेला, काय बोलला, मला ठाऊक नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी तो बसमधून उतरला आणि त्याच्या मागून शेवंता. गाव नुसतं थिजलं. तिला ओळखणारी एक म्हातारी तिथंच होती, ती किंचाळून घरात पळाली आणि तिनं दाराला कडी लावली. गयामाय शेवंताचा हात धरून मांडवात घेऊन गेली आणि बायकांना म्हणाली, "ही किसनची माय. कोनी काही इचाराचं असन त मले इचारा." कोणाची छाती झाली नाही.

लग्न लागलं. शेवंता खांबाला टेकून बसून होती. नात पाया पडली तेव्हा तिनं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून ठेवला. किसन तिच्याशी दोन दिवसांत एक शब्द बोलला नाही, जेवण वाढलं का एवढं दुसऱ्याकडून विचारत राहिला. आणि गंमत अशी, की तो गयामायशीही बोलला नाही. ती त्याच्या मागं मागं फिरे, तो तोंड चुकवी. लग्नाची भांडी आवरताना ती मला म्हणाली, "दोन दिस झाले वो बाई, माय म्हून हाक नाही मारली त्यानं. गेला माहा लेक." तिला मी इतकं भ्यालेलं कधी पाहिलं नव्हतं. मी तोंडानं धीर दिला, पण मलाही खात्री नव्हती.

तिसऱ्या दिवशी शेवंता निघाली. राहा म्हटलं तर म्हणाली, "तथी माहं घर हाये." पोचवायला आम्ही तिघं गेलो. किसननं तिची पिशवी बसमध्ये ठेवली, खाली उतरला आणि पाठ फिरवून उभा राहिला. शेवंता खिडकीशी बसली. गयामायनं तिच्या हातात लाडवांची पुरचुंडी दिली.

कंडक्टरनं घंटी मारली. बस हलली. किसननं डोळे पुसले आणि, बसकडं न वळताच, आमच्या दिशेनं हाक मारली, "माय, चाल. ऊन झालं."

गयामायचा चेहरा मी पाहिला. दोन दिवस ज्या हाकेसाठी तिचा जीव टांगला होता ती आली होती. मी तिचा दंड धरला, म्हटलं ऐकलंत ना? पण ती खिडकीकडं पाहत होती. शेवंतानं ती हाक फुटक्या कानानं अर्धीमुर्धी ऐकली होती आणि मान बाहेर काढून ती डोळे फाडून आमच्याकडं पाहत होती, ती हाक आपल्यालाच की काय म्हणून.

गयामाय पदर सावरत बसबरोबर धावली. त्या वयात, अनवाणी. खिडकीवर हात आपटत ओरडली, "तुले! तुले बलावून राह्यला व मोठे! माय म्हने तुले!"

शेवंतानं खिडकीतून हात बाहेर काढला. बस वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तो हात बाहेरच होता. किसन तोंड वळवून उभा होता, त्याचे खांदे हलत होते. मी रस्त्याच्या मधोमध थिजून उभी होते, मागून येणाऱ्या बैलगाडीवाल्यानं मला शिव्या घातल्या तरी हलले नाही. गयामाय धापा टाकत परत आली, चेहऱ्यावर धूळ बसलेली, आणि माझ्यावरच खेकसली, "पाहून काय राह्यल्या बाई, चाला. घरी पाव्हने उपाशी बसले असतीन."